रस्त्याला पडलेली भेग

पावसाळा सरून दिवाळी जवळ आली की मातीच्या भुईच्या घरांतून एक काम ठरलेले असे. पावसाने उकललेले अंगण खणायचे, चोपण्याने पुन्हा चोपायचे, भेगा बुजवून ते शेणाने सारवायचे, आणि मग त्यावर रांगोळी घालायची. भेग तशीच ठेवून वर रांगोळी काढता येत नाही, हे घरातल्या बाईला कोणी शिकवावे लागत नसे. कोकणात पावसाच्या तोंडावर घर शाकारीत, घाटावर धाब्याच्या घरांवर पांढरी माती टाकीत. ही सारी कामे एकाच शहाणपणातून निघालेली आहेत. पाण्याला वाट सापडण्याच्या आधीच ती बंद करावी, हे ते शहाणपण.

रस्ता म्हणजे साऱ्या गावाचे अंगण. त्याला भेग पडली म्हणजे ती कोणी बुजवायची, केव्हा बुजवायची आणि त्यासाठी पैसा कोणी द्यायचा, असे तीन साधे प्रश्न उभे राहतात. ते वरवर क्षुल्लक वाटतात. पण त्यांची उत्तरे शोधण्यात मनुष्यजातीची काही हजार वर्षे खर्ची पडली आहेत, आणि सापडलेली उत्तरे ती पुनःपुन्हा विसरत आली आहे. रस्त्यांचा इतिहास म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे सम्राट, सैन्ये आणि व्यापाऱ्यांचे तांडे येतात. परंतु रस्ता बांधणारांची कथा जितकी रंजक, तितकीच रस्ता राखणारांचीही आहे. मात्र ती फारशी कोणी सांगत नाही.

भेग बुजविण्याची विद्या फार जुनी. मोहेंजोदडो येथे १९२० नंतरच्या दशकात उत्खनन झाले, तेव्हा तेथील प्रसिद्ध महास्नानगृह उजेडात आले. सुमारे बारा मीटर लांब, सात मीटर रुंद आणि अडीच मीटरांच्या आत-बाहेर खोल अशा त्या कुंडातले पाणी झिरपून जाऊ नये, म्हणून त्याच्या विटा जिप्समच्या चुन्यात काटेकोर बसविल्या होत्या आणि विटांच्या थरामागे नैसर्गिक डांबराचा एक पातळ लेप दिला होता. साडेचार हजार वर्षांपूर्वीच्या त्या अनाम कारागिराला डांबराचा खरा गुण पुरता ठाऊक होता. डांबर चिकटते, ताणले तर थोडे ताणते आणि पाण्याला थारा देत नाही. पुढे बाबिलोनमध्ये नबोपोलास्सर आणि त्याचा मुलगा नेबुखदनेझर या राजांनी देवाच्या मिरवणुकीसाठी जो राजमार्ग केला, त्यातही डांबरात बसविलेल्या विटा आणि त्यांवर दगडी फरश्या होत्या. म्हणजे डांबराचा आणि रस्त्याचा संबंध मोटारगाडीच्या दोन-अडीच हजार वर्षे आधीचा आहे.

रोमन लोकांचे रस्ते तर आदर्श म्हणूनच सांगितले जातात. त्यांची फरसबंदी आपण वाखाणतो, पण त्या फरशीमागची व्यवस्था सहसा ध्यानात घेत नाही. इसवी सनापूर्वी २० या वर्षी ऑगस्टस बादशहाने रस्त्यांची देखभाल आपल्या अधिकाराखाली घेतली आणि तिच्यासाठी स्वतंत्र अधिकारी नेमण्यात आले. रोमन मैलाच्या दगडांवर बादशहाचे नाव जसे रस्ता बांधल्याबद्दल कोरलेले आढळते, तसे पुष्कळ ठिकाणी ‘रेफेकित’, म्हणजे ‘दुरुस्त केला’, असे म्हणूनही कोरलेले आढळते. दुरुस्ती हे काम दगडावर नाव कोरण्याइतक्या मोलाचे आहे, असे त्या राज्याला वाटत होते.

रोमचे साम्राज्य गेले आणि युरोपातली ही व्यवस्थाही लयाला गेली. पुढे कित्येक शतके युरोपात रस्ता म्हणजे चिखल आणि चाकोऱ्या! अठराव्या शतकात फ्रान्समध्ये रस्त्यांची दुरुस्ती वेठीने होई. वसंतात आणि शरदात शेतकऱ्यांना काही दिवस कामावर बोलावीत. ते नाखुशीने येत, खड्ड्यांत दगडमाती लोटीत आणि निघून जात. मधल्या सहा महिन्यांत गाड्यांची चाके आणि पाऊस मिळून ती सारी मेहनत धुऊन नेत. लिमोजच्या मुलखात तुर्गो नावाच्या प्रशासकाने ही वेठ बंद करून तिच्याऐवजी पैशाचा कर बसविला. त्याच्या हाताखालचा इंजिनियर प्येर मारी जेरोम ट्रेझागे याने १७७५ साली रस्त्यांच्या बांधणीवर आणि देखभालीवर एक निबंध लिहिला. ट्रेझागेचे नाव आज पाठ्यपुस्तकांत येते ते त्याच्या दगडी थरांच्या रचनेसाठी. पण त्याचा दुसरा विचार मला अधिक मोठा वाटतो. रस्ता वर्षातून दोनदा दुरुस्त करावयाची वस्तू नव्हे, तो रोज राखावा लागतो. चाकोरी उमटली की ती त्याच वेळी बुजवावी, आणि त्यासाठी रस्त्याच्या ठराविक तुकड्यावर ठराविक माणूस असावा, असे त्याचे म्हणणे होते. या विचाराला पुढे नेपोलियनने १८११ च्या हुकुमाने राज्यव्यवस्थेत पक्के स्थान दिले. त्या रस्तेराख्यांना फ्रेंच भाषेत ‘कांतोनिये’ म्हणतात. आपल्याकडच्या सार्वजनिक बांधकाम खात्यातला मैलकुली हा त्यांचाच भाऊबंद. आपल्या वाट्याच्या मैलांवर घमेले, फावडे घेऊन फिरणारा, गटार मोकळे करणारा, खड्ड्यात मुरूम टाकून तो ठोकणारा हा माणूस जुन्या पिढीतल्या वाचकांनी प्रवासात खास पाहिला असेल.

याच सुमारास स्कॉटलंडात जॉन लाउडन मॅकॅडम याचा जन्म झाला (१७५६). १८१६ साली तो इंग्लंडात ब्रिस्टल भागातल्या रस्त्यांचा सर्व्हेअर झाला. गाडीचा भार अखेर दगड पेलीत नाही, खालची जमीन पेलते. आणि जमीन कोरडी असेल तर ती कितीही भार पेलते, असे त्याने सांगितले. म्हणून रस्ता आजूबाजूच्या जमिनीहून उंच ठेवावा, पाणी दोन्ही बाजूंना वाहून जावे, आणि वर बारीक फोडलेल्या, एकमेकांत घट्ट बसणाऱ्या खडीचे असे छप्पर असावे की पाणी आत जाऊच नये. ‘छप्पर’ हा शब्द येथे महत्त्वाचा आहे. आपण रस्त्याला फरशी समजतो, मॅकॅडमने त्याला छप्पर समजले. फरशीला चीर गेली तर ती कुरूप दिसते एवढेच. छपराला चीर गेली तर घर जाते.

मॅकॅडमचे रस्ते घोडागाड्यांना उत्तम होते. मग विसाव्या शतकाच्या आरंभी मोटार आली आणि तिच्या धावत्या रबरी चाकांनी खडीतली बारीक माती उडवून लावली. धुळीचे लोट उठू लागले आणि बांधून ठेवणारी माती गेल्यामुळे खडी सुटी झाली. यावरचा एक उपाय एका डॉक्टराने काढला, ही गमतीची गोष्ट आहे. गुग्लिएल्मिनेत्ती नावाच्या स्विस वैद्याने १९०२ साली मोनाकोच्या रस्त्यावर दगडी कोळशाचे तापविलेले डांबर ओतून दाखविले. लोक त्याला गमतीने ‘डॉक्टर गुद्रों’, म्हणजे डॉक्टर डांबर, म्हणू लागले. इंग्लंडात एडगर पर्नेल हूली या इंजिनियरने १९०१ साली डेन्बी येथील लोखंडाच्या कारखान्याजवळ, सांडलेल्या डांबरावर भट्टीची मळी टाकलेला रस्ता पाहिला. तेवढाच तुकडा गुळगुळीत आणि धूळमुक्त आहे हे त्याने हेरले आणि १९०२ साली आपल्या मिश्रणाचे पेटंट घेतले, अशी कथा सांगतात. पुढे खनिज तेलाच्या शुद्धीकरणातून मिळणारे बिट्युमेन सर्वत्र आले. आपण त्यालाही डांबरच म्हणतो. मॅकॅडमच्या छपराला अशा रीतीने अखेर खरा जलरोधक लेप मिळाला.

पण हा लेप अमर नव्हता. ऊन आणि हवा यांनी बिट्युमेन हळूहळू कडक होते. ताजेपणी ते वाकते, ताणते. जुने झाले की माणसाच्या हाडांसारखे ठिसूळ होते. थंडीत रस्ता आकसतो, ठिसूळ लेपाला ते सोसत नाही आणि केसासारखी भेग पडते. पहिल्या पावसात पाणी तिच्यातून खाली उतरते, खडीखालचा मुरूम मऊ होतो. वरून जड ट्रक जातो, मऊ झालेला भाग दबतो, लेप आणखी फाटतो. पुढे त्या भेगांची जाळी होऊन रस्ता मगरीच्या पाठीसारखा दिसू लागतो, तुकडे निखळतात आणि खड्डा पडतो. वर्तमानपत्रात बातमी येते ती खड्ड्याची. भेगेची बातमी कधी येत नाही.

यावर कोणी म्हणेल, मग सिमेंटचे रस्ते करावेत, म्हणजे भेगांचा प्रश्नच मिटला. हा समज मात्र खरा नव्हे. लीड्सच्या जोसेफ ॲस्पडिनने १८२४ साली पोर्टलंड सिमेंटचे पेटंट घेतले. त्यानंतर अमेरिकेत ओहायो राज्यातल्या बेलफाउंटन या लहानशा गावी जॉर्ज बार्थॉलोम्यू याने १८९१ साली काँक्रीटचा आठ फूट रुंदीचा एक पट्टा घालून दाखविला. पुढे मोठे काम मिळविताना गावाचा विश्वास बसावा म्हणून त्याला पाच वर्षांच्या हमीदाखल पाच हजार डॉलरांचा जामीन द्यावा लागला. अमेरिकेतला पहिला काँक्रीटचा रस्ता म्हणून तेथील काम आजही दाखविले जाते.

काँक्रीट टणक खरे, पण ते भेगाळल्यावाचून राहत नाही. ओले काँक्रीट सुकताना आकसते. सुकल्यावरही उन्हात वाढते आणि थंडीत घटते. तपमान एका अंशाने वाढले तर काँक्रीट आपल्या लांबीच्या सुमारे एक लक्षांशाने वाढते. हे फारच थोडे वाटेल. पण एक किलोमीटर लांबीचा सलग पट्टा तीस अंशांच्या फरकाने मोकळेपणी वाढू दिला, तर तो तीस सेंटिमीटरांनी, म्हणजे जवळजवळ एका फुटाने, लांबेल! एवढी वाढ-घट कोंडून ठेवली तर काँक्रीट मन मानेल तेथे फुटेल. तेव्हा इंजिनियरांनी एक शहाणा तह केला: भेग पडणारच असेल, तर ती आम्ही सांगू तेथे पडू द्या. काँक्रीट घातल्यावर काही तासांतच दर साडेचार-पाच मीटरांवर करवतीने जाडीच्या सुमारे पाव ते तिसऱ्या हिश्श्याइतकी खाच पाडतात. पुढे पडणारी भेग त्या खाचेखालीच सरळ रेषेत पडते. सिमेंटच्या रस्त्यावरून जाताना गाडीखाली जो ठेक्याचा आवाज येतो, तो या खाचांचा, म्हणजे सांध्यांचा. भेग सरळ झाली तरी पाण्याची वाट उघडीच राहिली. म्हणून ते सांधे रबरासारख्या मसाल्याने भरावे लागतात, आणि काही वर्षांनी तो मसाला वाळून सुटला की पुन्हा भरावे लागतात.

सांधे भरले नाहीत तर काय होते, याचा मोठा प्रयोग अमेरिकेतल्या इलिनॉय राज्यात ओटावा गावाजवळ १९५८ ते १९६० या काळात झाला. डांबराचे आणि काँक्रीटचे अनेक जाडीचे तुकडे मुद्दाम बांधून त्यांवरून सैनिकांनी दोन वर्षे ट्रक हाकले. अकरा लाखांहून अधिक वेळा चाकांचे आस त्या तुकड्यांवरून गेले. दोन गोष्टी स्पष्ट झाल्या. एक, आसावरचे ओझे दुप्पट केले की रस्त्याची हानी दुप्पट होत नाही, ढोबळ मानाने सोळापट होते. दुसरी, काँक्रीटच्या लादीखाली पाणी साचले असेल तर ट्रक जाताच लादीचे टोक खाली दबते आणि सांध्यातून चिखलाचे पाणी पिचकारीसारखे वर उडते. दर पिचकारीबरोबर लादीखालची थोडी माती जाते. खाली पोकळी होते, आणि एके दिवशी आधार नसलेली ती टणक लादी कडाड्कन मोडते. लाकडाच्या खांबाला आतून वाळवी लागावी, तसा हा प्रकार. लादी मोडते वरच्या ओझ्याने, पण तिला मारलेले असते खालच्या पाण्याने.

भेग बुजविण्याची रीत ऐकायला साधी आहे, पण तिच्यात पथ्ये आहेत. प्रथम भेगेतली माती आणि गवत काढून दाबाच्या हवेने ती स्वच्छ करायची. भेग ओली असेल तर मसाला धरतच नाही. ओल्या भिंतीवर रंग धरत नाही तसेच ते. मग यंत्राने तिचे तोंड थोडे रुंद व चौकोनी करायचे, म्हणजे मसाल्याला बसायला जागा होते. रबर मिसळलेले बिट्युमेन जवळजवळ दोनशे अंशांपर्यंत तापवून त्यात ओतायचे, आणि ते चाकांना चिकटू नये म्हणून वर बारीक कच किंवा वाळू पसरायची. काँक्रीटच्या सांध्यात मसाला ओतण्यापूर्वी तळाशी मऊ प्लॅस्टिकची दोरी दाबून बसवितात. मसाला दोन्ही बाजूंना चिकटला पाहिजे, तळाला चिकटता कामा नये, हे त्यामागचे मर्म. तळाशीही चिकटला तर सांधा रुंदावताना त्याला ताणायला मोकळीक राहत नाही आणि तो फाटतो. आणि काँक्रीटची लादी भलत्याच ठिकाणी फुटली असेल, तर दोन्ही बाजूंनी तिरकी भोके पाडून, त्यांत लोखंडी सळ्या बसवून ती अक्षरशः शिवतात. गोधडी शिवावी तशी.

मात्र या उपायाची मर्यादाही सांगितली पाहिजे. एकट-दुकट भेगेला हा उपाय लागू पडतो. मगरीच्या पाठीसारखी जाळी दिसू लागली, म्हणजे रोग पोटात गेला. तेथे वरून मसाला ओतणे म्हणजे पायाला मार लागून आत पू झालेला असताना वर हळद लावण्यासारखे आहे. तेथे खणून खालचा थर बदलावाच लागतो, आणि तो खर्च भेग बुजविण्याच्या खर्चाच्या कितीतरी पटींनी मोठा असतो.

आता आपल्या घराकडे वळू. भारतातल्या रस्त्यांचा एकत्र विचार करण्यासाठी १९२७ साली जी समिती नेमली गेली, तिचे अध्यक्ष मुकुंद रामराव जयकर होते. हेच बॅरिस्टर जयकर पुढे पुणे विद्यापीठाचे पहिले कुलगुरू झाले. त्यांच्या समितीच्या शिफारशीवरून १९२९ साली पेट्रोलवर गॅलनमागे दोन आण्यांचा जादा कर बसवून मध्यवर्ती रस्ते निधी उभारण्यात आला. १९३४ साली इंडियन रोड्स काँग्रेस ही इंजिनियरांची संस्था निघाली. १९४३ साली नागपूरला देशभरचे मुख्य इंजिनियर जमले आणि त्यांनी वीस वर्षांची जी योजना आखली, ती ‘नागपूर योजना’ म्हणूनच ओळखली जाते. शेतीच्या समृद्ध भागातले कोणतेही गाव मोठ्या रस्त्यापासून पाच मैलांहून दूर असू नये, हे तिचे एक उद्दिष्ट होते. रस्त्यांच्या लांबीचे लक्ष्य तर मुदतीच्या आधीच, १९६१ पर्यंत, ओलांडले गेले. या पराक्रमाला नावे ठेवण्याचे कारण नाही.

पण लांबी वाढली तशी राखण्याची जबाबदारीही वाढली, आणि आपली भूमी या बाबतीत मोठी कठोर आहे. देशावरची काळी माती पावसात फुगते आणि उन्हाळ्यात हात जाईल एवढ्या भेगा देऊन फाटते, हे शेतकऱ्याला सांगायला नको. तिच्यावर बांधलेल्या रस्त्याला भेग वरूनच नव्हे, खालूनही पडते. सह्याद्रीच्या पश्चिमेला चार महिन्यांत पडणारा पाऊस तर कोणतीही फट शोधून काढतो. अशा मुलखातही मुंबईच्या मरीन ड्राइव्हचा १९४० च्या सुमारास झालेला सिमेंटचा रस्ता कित्येक दशके टिकला, हे लक्षात ठेवण्यासारखे आहे. २००२ साली पुरा झालेला मुंबई-पुणे द्रुतगती मार्गही काँक्रीटचाच. त्याच्या हजारो सांध्यांना डोळ्यांत तेल घालून जपावे लागते.

जपणूक कमी पडते ती केवळ आळसाने नव्हे. तिला हिशेबाच्या वहीचेही कारण होते. पंचवार्षिक योजना सुरू झाल्यापासून सरकारी खर्चाचे ‘योजनांतर्गत’ आणि ‘योजनेतर’ असे दोन भाग पडले. नवा रस्ता पहिल्या खान्यात जाई, त्याची देखभाल पुढे दुसऱ्या खान्यात येई. पहिला खर्च विकासाचा म्हणून मानाचा, दुसरा नुसता चालू खर्च म्हणून सावत्र. काटकसरीची वेळ आली की कात्री पहिल्याने कोठे चाले, हे सांगायला नको. मध्यवर्ती सरकारने २०१७-१८ च्या अर्थसंकल्पापासून हा भेद काढून टाकला. वहीतला खाना गेला. मनातला खाना जायला मात्र वेळ लागेल. नव्या रस्त्याला नारळ फुटतो, फीत कापली जाते, कोनशिला बसते. भेग बुजविणाऱ्या टोळीसाठी कोणी मांडव घातल्याचे ऐकिवात नाही.

वास्तविक आपली परंपरा अशी नव्हती. नव्या बांधणीपेक्षा जीर्णोद्धाराचे पुण्य मोठे, असे आपल्याकडे मानीत आले आहेत, आणि अहिल्याबाई होळकरांचे नाव काशीपासून रामेश्वरापर्यंत घेतले जाते ते अशाच कामांमुळे. त्याहून जुना दाखला गिरनारचा. तेथील सुदर्शन तलावाचा बांध चंद्रगुप्त मौर्याच्या काळचा. इसवी सन १५० च्या सुमारास तो वादळी पावसाने फुटला. खिंडार एवढे मोठे होते की मंत्र्यांनी दुरुस्तीला विरोध केला. तरीही रुद्रदामन राजाने प्रजेवर जादा कर न बसविता आपल्या खजिन्यातून बांध पुन्हा घातला आणि ती हकीकत खडकावर कोरवून ठेवली. पराक्रमी राजाला एका दुरुस्तीचा एवढा अभिमान वाटला, ही गोष्ट आजच्या कोनशिलांच्या काळात मुद्दाम आठवावीशी वाटते.

दिवाळीनंतरचे चार महिने आपल्याकडे रस्त्याच्या भेगांसाठी सर्वांत चांगले. पाऊस गेलेला असतो, रस्ता कोरडा असतो, आणि थंडीने भेगा उघडलेल्या असल्यामुळे मसाला नीट उतरतो. पुढे उन्हाळ्यात भेगा मिटतात, आणि मिटलेली भेग निरोगी दिसते एवढेच. पहिला पाऊस पडल्यावर ओल्या खड्ड्यात खडी टाकणे हा मग नाइलाजाचा उद्योग होतो आणि तो फार दिवस टिकत नाही. म्हणून आपल्या नगरपालिकेला वा जिल्हा परिषदेला यंदा नवे रस्ते किती मैल झाले हे विचारताना, जुन्या रस्त्यांच्या भेगा किती मैल बुजविल्या आणि कोणत्या महिन्यात, हेही विचारीत जावे. ट्रेझागेने अडीचशे वर्षांपूर्वी जो माणूस रस्त्यावर उभा करायला सांगितला, तो आपल्या वाटेवर आज आहे की नाही, हे त्या उत्तरावरून कळेल.